समुद्र दिसतो, वायरमन दिसत नाही

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली की मराठी पुरुषाला एकदम कोकण आठवतं. आयुष्यात ज्याने गॅलरीतल्या तुळशीला तांब्याभर पाणी घातलं नाही, तो हापूसच्या कलमांवर बोलू लागतो. रात्री मोबाईलवर प्लॉटचे व्हिडिओ सुरू होतात. त्यात गॉगल लावलेला दलाल हात पसरून सांगतो, ‘सर, चिऱ्याचं घर बांधा, वर कौलं घाला आणि मस्त झोपाळ्यावर बसा.’ झोपाळ्यावर बसल्यावर चहा कोण आणून देणार, हे व्हिडिओत दाखवत नाहीत. दाखवायची गरजही नसते.

राज्य सरकारचा कर्मचारी ५८ला निवृत्त होतो, केंद्राचा ६०ला. त्यांच्या बायका कितव्या वर्षी निवृत्त होतात, याचा शासन निर्णय अजून निघालेला नाही. तीही नोकरी करत असेल तर एकीतून सुटते, दुसरीत मुदतवाढ. आणि घर बदलायचं ठरवतो कोण, तर जो रिकामा झालाय तो.

पण आधी जमीन. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर मुळात शेतकरी असावं लागतं. कूळ कायद्याचं कलम ६३ तसं बजावतं. मग इतकी वर्षं ‘गावाकडची मंडळी’ म्हणून ज्यांची लग्नं टाळली, त्या चुलतभावांचे नंबर शोधले जातात. आजोबांच्या सातबाऱ्यावर नावं तर असतात, पण इतकी, की सगळे एकदम जमले तर ग्रामसभेचा कोरम पुरा व्हावा. त्यातले निम्मे परलोकवासी, निम्मे मालाडवासी. वारसनोंद कुणाचीच नाही. सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत आपलंच नाव वारसनोंदीला लागेल, हे लक्षात आल्यावर माणूस मुकाट्याने एनए प्लॉट घेतो. समुद्रापासून दहा मिनिटांवर. ही दहा मिनिटं दलालाच्या बुलेटची, तीही पावसाळ्याआधीची.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. जांभा पाणी धरून ठेवत नाही, त्याला कोण काय करणार. नारळ, काजू, फणस लावावेत तर पहिली तोड माकडांची. आंब्याच्या बागा राखायला हल्ली नेपाळहून गडी आणतात, कारण गावातला तरणा मुलगा कधीच मुंबईला निघून गेलाय. तुम्ही आता जिथून पळून आलात ना, तिथेच.

आणि वीज. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड आणि उत्तर रत्नागिरीवरून गेलं, तेव्हा खांब शेकड्यांनी आडवे झाले. काही गावांत दिवे लागायला आठवडे गेले. त्या सगळ्या दिवसांत समुद्र न चुकता दिसत होता. वायरमन तेवढा दिसत नव्हता.

मे महिन्यात मात्र घर भरून वाहतं. पुण्या-ठाण्याची भाचरं, त्यांची पोरं, पोरांचे मित्र. ‘काकू, तुमच्या हातच्या आंबोळ्या खायलाच आलोय!’ निवृत्तीचं घर म्हणजे नातेवाइकांचं बिनभाड्याचं लॉज. मालक झोपाळ्यावर, मॅनेजर चुलीपाशी. सिलिंडर संपलेला असतो आणि गाडी तालुक्याहून परवा येणार असते. मग आषाढ लागतो. तेव्हा आंबोळ्या कुणाला आठवत नाहीत.

हेही सोसता येईल. खरी गंमत छातीत दुखू लागल्यावर. प्राथमिक आरोग्य केंद्रात फार तर ईसीजी निघेल, अँजिओप्लास्टीसाठी शहर गाठावं लागेल. कोणत्या रस्त्याने? मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी ५८ला निवृत्त झालेला गृहस्थ सत्तरी ओलांडून गेला, रस्त्याला मुदतवाढ मिळतच राहिली. बरं, गाडी घरात एकच जण चालवतो. छातीतही त्याच्याच दुखतंय. मग स्टिअरिंगवर कोण बसणार? प्लॉट बघायला गेलात की हा एकच प्रश्न विचारा. ‘सी-व्ह्यू आहे का’ नंतर विचारलंत तरी चालेल.

यावर पुणेकर म्हणणार, म्हणूनच पुणं बरं. बरं आहेच. डॉक्टर, औषधवाला, नाट्यगृह, व्याख्यान, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. फक्त चालायला फुटपाथ मोकळा नाही. शिवाय घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारत लिफ्ट ही चैन समजली जायची त्या काळातली. लिफ्ट हवी तर रिडेव्हलपमेंट हवं. सरासरी वय ७० असलेली सोसायटी मग सभा घेते, बाल्कनी किती फुटांची यावर भांडते, आणि बिल्डर सांगतो, ‘छत्तीस महिने फक्त.’ तोवर भाड्याचं घर. तो नवा घरमालक आजोबांकडे जरा निरखून बघतो आणि विचारतो, ‘अकरा महिन्यांचाच करार करू ना?’ त्या ‘ना’त काय ते आलं.

मुलाकडे अमेरिकेत? विमानतळावर सहा महिन्यांची मुदत आणि घरी पोचल्यावर नातवाचे डायपर. याला निवृत्ती म्हणत नाहीत, बदली म्हणतात.

राहता राहिली ज्येष्ठांसाठी बांधलेली संकुलं. पुण्यात ती निघून दोन दशकं उलटली. बाथरूममध्ये धरायला दांडी, उशाशी घंटा, हाकेला नर्स, खाली डायनिंग हॉल. ‘शेवटी वृद्धाश्रमच की हो तो,’ असं म्हणून नाक मुरडणारे बहुतेक पुरुषच असतात. त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईंना विचारा. नर्स, घंटा, बाग हे सगळं त्या नुसतं ऐकून घेतात. ‘डायनिंग हॉल’ म्हटल्यावर मात्र ‘दोन्ही वेळचं का हो?’ एवढंच विचारतात. तिथली दुधीची भाजी पाणचट असते, मान्य. पण ती दुसऱ्या कुणीतरी चिरलेली असते.

मराठी इतिहासातला सर्वांत गाजलेला पेन्शनर म्हणजे दुसरा बाजीराव. १८१८ साली इंग्रजांनी वर्षाला आठ लाख रुपये लावून दिले; त्यातली एक अट, दख्खनेत राहायचं नाही. तो गेला कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला आणि १८५१पर्यंत, चांगली ३३ वर्षं पेन्शन खात राहिला. रिव्हर-व्ह्यू होताच, गंगाच ती. पण सोबत हजारोंचा गोतावळाही गेला होता. श्रीमंतांना रात्री-अपरात्री दुखलं-खुपलं तर पालखी काही त्यांना स्वतः उचलायची नव्हती.

ज्यांच्याकडे भोई नाहीत, त्यांनी प्लॉट बघायला भर आषाढात जावं. गाडी घरी ठेवून, एसटीने, आणि बायकोला सोबत घेऊन. २०२३पासून तिला अर्धंच तिकीट आहे, फार खर्च नाही. उतरल्यावर दलालाला फोन लावा. ‘गणपतीनंतर या ना साहेब,’ म्हणेल, ‘आत्ता तिथं गाडी जात नाही.’