क्लॅप्टनची पाठ

साडूभाऊ लंडनमध्ये हॅरोला राहतात. जन्मभर हिशेब तपासायची नोकरी केल्यामुळे त्यांच्या बोलण्यात खोटं कधी नसतं, तळटीप मात्र असते. "एरिक क्लॅप्टनची दोन तिकिटं काढलीयेत. स्टेजपासून पंधरा फुटांवर!" असं त्यांनी फोनवर सांगितलं, तेव्हा पुण्यात मी जागच्या जागी उडालो. कॉलेजात ज्या क्लॅप्टनला मी ऐकला, तो कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक कॅसेट असा आलेला होता. तो नेहमी पत्र्याच्या शेडमध्ये पावसात वाजवत बसल्यासारखा वाटे. आता पंधरा फूट!

तळटीप कळली ती रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, खुर्चीत बसल्यावर. पंधरा फूट खरे. पण मागून.

या हॉलमध्ये स्टेजच्या पाठीमागे चढत्या ओळी आहेत. मोठं समूहगान असलं की तिथे गाणारी मंडळी बसतात. एरवी त्या जागांची तिकिटं विकतात, जरा स्वस्तात. "आवाज काय, चहूकडे सारखाच जातो," साडूभाऊ म्हणाले. "आणि तोंड बघून करायचंय काय? स्थळ बघायला आलोय का आपण?"

खरं तर साउथ केन्सिंग्टन स्टेशनपासून चालत येताना ते मला हॉलची माहिती देत होते, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. हॉल १८७१चा. बांधायला पैसे कमी पडू नयेत म्हणून १०० पौंडांना एकेक खुर्ची ९९९ वर्षांच्या कराराने विकली. आजही सुमारे सव्वा हजार खुर्च्या अशा वतनदारांच्या आहेत. "तेव्हा आपल्या खापरपणजोबांनी एक घेऊन ठेवली असती तर!" ते हळहळले. आमचे खापरपणजोबा तेव्हा आंब्याच्या एका झाडावरून सख्ख्या भावाशी कोर्टात भांडत होते.

छताला भल्यामोठ्या थाळ्या टांगल्या आहेत. पूर्वी इथे इतका प्रतिध्वनी येई की प्रत्येक सूर दोनदा ऐकू यायचा. म्हणून १९६९मध्ये या लावल्या. साडूभाऊंना हे पटलेलं नाही. एका तिकिटात दोनदा ऐकू येत होतं, ते बंद का केलं?

मागे बसण्याचा एक फायदा म्हणजे क्लॅप्टनला जे दिसतं ते आपल्याला दिसतं, म्हणजे प्रेक्षक. समोर पाच हजार माणसं आणि टकलांवर निळा प्रकाश. रॉकचे श्रोते म्हणून मी धसका घेऊन आलो होतो. लेदरची जाकिटं होती, पण त्यांची चेन पोटावर अडलेली. एक दाढीवाले आजोबा कठड्याला धरून पायरीपायरीने उतरत होते. दंडावर कवटी गोंदलेली, हातात उशी. सवाईच्या मांडवात उशी घेऊन येणारे आमचे पेन्शनर आठवले आणि जीव भांड्यात पडला. आपलीच माणसं.

मग दिवे मंदावले आणि ऐंशीच्या आसपासची एक पाठ चालत आली. हात वर करून तिने समोरच्यांना नमस्कार केला आणि वाजवायला लागली. भाषण नाही, प्रस्तावना नाही. २००हून अधिक वेळा इथे वाजवलेला माणूस. घरच्यांशी काय बोलणार?

पाठीकडे मी आधी रागाने बघत होतो. नंतर बघतच राहिलो. बोटं दिसत नव्हती, पण अवघड जागा आली की उजवा खांदा किंचित खाली यायचा आणि सूर वर चढायचा. डावी टाच लय धरून होती. सूर ताणून धरला की मान हळूच डावीकडे कलायची, जणू पलीकडच्या खोलीतून कुणी हाक मारतंय. याचं टोपणनाव 'स्लोहँड'. तरुणपणी तार तुटली की हा स्टेजवरच उभा राहून नवी चढवायचा आणि तोवर लोक संथ टाळ्या वाजवत बसायचे, त्यावरून ते पडलं म्हणतात. आमच्याकडे तानपुरा जुळेपर्यंत अर्धी सभा चहा पिऊन येते, कुणाला नाव ठेवत नाही.

मध्ये तो अकूस्टिक गिटार घेऊन खुर्चीत बसला. मागून बघताना थेट पोस्टात बचतखात्याचा फॉर्म भरणारे काका. पण त्या काकांनी एक साधा ब्लूज असा काही वाजवला, की कवटीवाल्या आजोबांनी चष्मा काढून पुसला. ते मला स्पष्ट दिसलं. पुढच्या महागड्या खुर्च्यांना नाही दिसलं.

शेवटाकडे, एका लांबलचक सोलोत, तो ड्रमरकडे वळला. म्हणजे आमच्याकडे. डोळे मिटलेले, कपाळाला आठी, ओठ आत घेतलेले. तीन-चार सेकंद, फार तर.

"बघितलंत?" मी ओरडलो.

साडूभाऊ वाकून खुर्चीखाली मोबाइलच्या उजेडात पडलेली चकली शोधत होते.

रात्री हॅरोला पोचल्यावर मेहुणीने दार उघडत विचारलं, "मग, कसा दिसतो हो आता?"

"मागून केस चांगले आहेत अजून," साडूभाऊ म्हणाले आणि तिकिटांची पावती फाइलला लावायला आत गेले.