नॅटला टाळ्या, नेवाशाच्या पोरीला टोमणे

२६ मार्च २०२३. मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, महिला प्रीमियर लीगची पहिलीच अंतिम लढत. नॅट सिव्हर-ब्रंटने नाबाद ६० धावा काढल्या आणि करंडक मुंबई इंडियन्सकडे आला. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. या नॅटचं लग्न इंग्लंडच्याच वेगवान गोलंदाज कॅथरीन ब्रंटशी झालेलं, २०२२ मध्ये. आडनावात ब्रंट आलं ते तिथूनच.

कुणाला खटकलं?

समोर दिल्लीच्या संघात मारिझान काप होती. तिची पत्नी डेन व्हॅन नीकर्क, दक्षिण आफ्रिकेची माजी कर्णधार. २०१८ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात या दोघींनी जोडीने फलंदाजी केली होती. पत्नी कर्णधार, पत्नीच संघात, आणि संघात फूट वगैरे काही पडली नाही.

१५ मार्च २०२५ ला पुन्हा ब्रेबॉर्न, पुन्हा मुंबई विरुद्ध दिल्ली, पुन्हा मुंबईच. नॅटच्या त्या हंगामातल्या धावा ५२३, स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडूही तीच. आपण सगळ्यांनी बघितलं, घरातल्या पोरींना शेजारी बसवून बघितलं.

आता अशीच एक खेळाडू पोरगी नेवाशाची आहे, असं समजा. जिल्ह्याच्या कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळते. एक दिवस तिने सांगितलं, माझं एका मुलीवर प्रेम आहे. मग किती टाळ्या?

परदेशातल्या खेळाडूचं खासगी आयुष्य तिचं स्वतःचं असतं. आपल्या पोरीचं लगेच गावाच्या मालकीचं होतं.

नेवासा ज्यात येतं त्या नगर जिल्ह्याला (आता कागदोपत्री अहिल्यानगर) कबड्डी कुणी शिकवायची गरज नाही. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद पटकावलं, तेव्हा कर्णधार होता या जिल्ह्याचा अस्लम इनामदार. त्याच महिन्यात वाडिया पार्कवर पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. संध्याकाळी गावोगावच्या मैदानांवर जी पोरं माती अंगाला लावून घेतात, त्यांच्या डोळ्यांसमोर हे सगळं आहे.

ती पोरं खेळतात कशी, ते जरा जवळून बघा. सात जण हातात हात घालून साखळी करतात. एक जण चढाईपटूच्या घोट्यावर झेप घेतो, दुसरा कमरेला विळखा घालतो, उरलेले अंगावर पडतात. पंचाची शिट्टी होईपर्यंत कुणाचा हात कुठे आणि पाय कुठे, कळत नाही. बनियन फाटते, कोपर सोलतं, आणि गडी बाद झाला की सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात.

आणि म्हणे समलिंगी खेळाडू संघात असला तर इतरांना अवघडल्यासारखं होईल.

कधी? कशाने? ज्या खेळात अंगाला अंग भिडल्याशिवाय पकडच होत नाही, तिथे हा मुद्दा टिकतो तरी कसा?

दुसरा ठरलेला आक्षेप ड्रेसिंग रूमचा. आपल्याकडच्या किती संघांनी ड्रेसिंग रूम बघितली आहे? स्पर्धेला गेलेली पोरं शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून रांगेने झोपतात. सकाळी हौदावर एका बादलीत चौघं अंघोळ उरकतात. वर्षानुवर्षं हेच चाललंय. त्या रांगेत समलिंगी पोरगा आजवर कधी झोपलाच नसेल, असं मानणाऱ्याला माणसं कळत नाहीत.

तो होता. आजही आहे. फक्त बोलत नाही.

ज्यांना पोरांच्या सुरक्षिततेची एवढी काळजी आहे, त्यांना एक विचारायचंय. २०२३ मध्ये देशाच्या महिला कुस्तीगीर लैंगिक छळाचे आरोप घेऊन जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा ही काळजी कुठे होती? किती क्रीडा संघटनांनी तोंड उघडलं? छळ हा गुन्हा आहे, करणारा कोणीही असो. प्रेम गुन्हा नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने तसं सांगितलं आहे.

पण न्यायालय संघ निवडत नाही.

खरी मेख इथे आहे. धावपटू द्युती चंदने मे २०१९ मध्ये आपलं एका मुलीवर प्रेम असल्याचं जाहीर केलं. त्याच्या आदल्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने दोन रौप्यपदकं आणली होती. घरातून विरोध झाला, बोलणी खावी लागली. तरी शर्यतीत ती आणि घड्याळ, मध्ये कुणी नाही. घड्याळ वेळ दाखवतं आणि गप्प बसतं. सांघिक खेळात मात्र कुणीतरी तुमचं नाव यादीत लिहावं लागतं. कुणीतरी तुमच्याकडे चेंडू टाकावा लागतो. ते कुणीतरी म्हणजे माणसं, आणि माणसांना कारणं सुचतात.

यादीतून नाव उडवायला समलिंगी हा शब्द उच्चारावाही लागत नाही. ‘शिस्त नाही’ एवढे दोन शब्द पुरतात.

आणि त्या यादीवर काय काय अवलंबून असतं! जिल्ह्याच्या संघातून राज्य, राज्यातून राष्ट्रीय, मग प्रमाणपत्र, त्याची पडताळणी, मग सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात एक पोरगा पोलिसात लागला की धाकट्या बहिणीचं शिक्षण होतं, घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब येतो. एवढं सगळं पणाला लावून कोण खरं बोलेल? मोठमोठ्या शहरांत राहणाऱ्यांनी ‘मोकळेपणाने बोला’ असा सल्ला देण्याआधी हा हिशेब बघावा.

त्या पोराला भित्रा म्हणू नका. त्याने हिशेब केलाय, आणि तो बरोबर आहे.

आजवर भारताच्या पुरुष क्रिकेट संघातून खेळलेल्या एकानेही आपण समलिंगी असल्याचं सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांत एकही नसेल? शक्य आहे का? इंग्लंडच्या पुरुष फुटबॉलमध्ये जस्टिन फॅशनूने १९९० मध्ये सांगितलं. त्याचे एवढे हाल झाले, की पुढचा व्यावसायिक खेळाडू खेळत असताना बोलायला तिथे २०२२ उजाडावं लागलं. तो जेक डॅनियल्स, ब्लॅकपूलचा, वय १७. एकाचे हाल बघून बत्तीस वर्षं गप्प बसतात लोक.

उलट उदाहरणही आहे. इंग्लंडचा यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिसने २०११ मध्ये जगाला सांगितलं, पण त्याआधी, २०१०-११ च्या अ‍ॅशेस दौऱ्यावर जाण्यापूर्वी, प्रशिक्षकाला आणि सहकाऱ्यांना सांगून टाकलं होतं. संघ गेला आणि ऑस्ट्रेलियात जाऊन मालिका ३-१ ने जिंकून आला. प्रशिक्षक धड असला की विषय दहा मिनिटांत संपतो.

आपले प्रशिक्षक काय करतात? पकड सुटली की ओरडतात, ‘बायल्या, बांगड्या भर!’ चढाई फसली की ‘छक्क्या’. चौदा वर्षांची पोरं ऐकतात, हसतात. त्यातल्या एकाच्या पोटात खड्डा पडतो. त्या दिवसापासून तो चालणं बदलतो, आवाज बदलतो, मैत्रिणीच्या खोट्या गोष्टी रचतो. त्याची निम्मी ताकद लपण्यात जाते. मग त्याच प्रशिक्षकाची तक्रार, ‘पोरात दम होता, पण मध्येच कुठेतरी विझला.’

विझवलं कुणी, गुरुजी?

अनाया बांगरचं प्रकरण अनेकांना या निमित्ताने आठवेल. माजी कसोटीपटू संजय बांगरची ती मुलगी. वडील मूळचे आपल्या शेजारच्या बीडचे. तिचा प्रश्न वेगळा, ट्रान्स खेळाडूचा. पुरुषी वयात आलेल्या ट्रान्स महिलांना आयसीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये महिलांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून वगळलं. तिथे निदान शरीराच्या ताकदीवर वाद घालता येतो. समलिंगी खेळाडूच्या बाबतीत तेवढंही नाही. त्याच्या दंडात इतरांपेक्षा जास्त बळ नसतं, कमीही नसतं. म्हणजे नियमाची अडचण शून्य. उरते ती फक्त आपली.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती झटकून टाकणार नाही. मुलींचे संघ चालवणारे तळमळीचे लोक सांगतात, एकीने असं काही जाहीर केलं तर दुसऱ्या दिवशी बाकीच्या मुलींचे पालक पोरी घरी नेतील. आधीच आखूड पँट, रात्रीचा प्रवास, बारावीनंतरचं लग्न, हजार विघ्नं. संघच मोडेल. ही भीती खोटी नाही. पण तिची किंमत एकट्या पोरीने का मोजायची? पालकांना समजावायचं काम संघटनेचं, शाळेचं, प्रशिक्षकाचं. आखूड पँटीवरून रुसलेल्या बापांना घरोघर जाऊन समजावलंच ना याच लोकांनी? तेव्हा जमलं. आता कुठे अडतं?

जिल्हा निवड चाचणीचं पत्रक दरवर्षी निघतं. वजनाची अट, पुरुषांना ८५ किलो. वयाची अट. आधार कार्ड आणा, फोटो आणा. त्याच्या खाली एक ओळ छापायची: खेळाडू कुणावर प्रेम करतो यावरून त्याला कुणी डावललं किंवा हिणवलं, तर प्रशिक्षकासह संबंधितांवर कारवाई होईल. खाली अध्यक्षांची सही आणि तक्रारीसाठी फोन नंबर.

छपाईचा खर्च तेवढाच येतो. सही कोण करतंय?