रॅम्पमहर्षींस अनावृत पत्र

प्रति,
रा. रा. रॅम्पमहर्षी,
मुक्काम : नांदेड, लातूर आणि जिथे जिथे तीन पायऱ्या आहेत अशी सर्व ठिकाणे.

विषय : आपण बांधलेल्या उताराबद्दल जाहीर आभार आणि एक किरकोळ विनंती.
संदर्भ : त्या उताराशेजारी आपणच लावलेला निळा फलक.

महोदय,
सा. न. वि. वि.

आपली-माझी गाठ कधी पडलेली नाही, पण आपली कामं मी लांबूनच ओळखतो. नांदेडच्या वजिराबादपासून लातूरच्या औसा रोडपर्यंत जिथे म्हणून तीन पायऱ्यांच्या कुशीला सिमेंटचा एक उभट तुकडा चिकटवलेला दिसतो, तिथे आपला हात फिरला आहे हे कुणी सांगावं लागत नाही. कामावर नाव न कोरता निघून जाणारे कारागीर अजिंठ्याला होऊन गेले. त्यानंतर मराठवाड्यात आपणच.

मी हाताने चालवायच्या चाकाच्या खुर्चीत बसतो. म्हणजे कागदोपत्री आपलं सगळं काम माझ्यासाठीच आहे. लाभार्थ्याने आभार मानावेत ही रीत असल्यामुळे हा पत्रप्रपंच.

आधी हिशेब. सहा इंचांची एक अशा तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. सरकारी मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी द्या. दीड फुटाला झाले १८ फूट. आपण तेच काम ४ फुटांत आटोपता. उरलेल्या १४ फुटांचं सिमेंट कुठे गेलं, असले कोते प्रश्न मी विचारणार नाही. मला आपल्या कल्पकतेचंच कौतुक आहे. मी आणि माझी खुर्ची मिळून ८५ किलो धरा. नियमातल्या उतारावर मला साधारण ७ किलोचा जोर लावावा लागतो. आपल्या उतारावर तोच जोर जातो ३० किलोंवर. लातूरच्या आडतीवरचा हमालही तीस किलोंचं पोतं उचलताना पाय रोवून उभा राहतो. मी ते बसून, दोन पंजांनी, निसटत्या रिमवर करावं अशी आपली अपेक्षा आहे. माझ्या दंडांवर इतका विश्वास माझ्या घरच्यांनीही कधी दाखवला नाही.

शिवाय आपल्या उतारावर खुर्ची वर जात नाही, मागे जाते. पुढची दोन लहान चाकं उचलली जातात, सगळा भार मागे सरकतो आणि खुर्ची माणसासकट उताणी होते. पाठीमागच्या मुठींना भाजीची पिशवी अडकवलेली असेल तर हे आणखी लवकर घडतं. म्हणून शहाणा माणूस पिशवी सीटखाली किंवा मांडीवर ठेवतो, मागे न उलटण्यासाठी मिळणारी छोटी जादा चाकं बसवून घेतो आणि चढताना अंग पुढे झुकवतो.

आपल्या कामातले बारकावेही सांगण्याजोगे. उतारावर चकचकीत टाइल, म्हणजे पावसाळ्यात चाकाने पकड सोडलीच. पायथ्याशी चार बोटांची कड, म्हणजे पुढची चाकं तिथे थबकतात आणि बसलेला माणूस तेवढा पुढे जातो. उताराच्या मध्यावर शोभेची कुंडी. तोंडाशी मोटारसायकल. माथ्यावर कुलूप लावलेलं चॅनल गेट. किल्ली शिपायाकडे, शिपाई वरच्या मजल्यावर, आणि त्याला बोलवायला जाणार कोण, तर ज्याला वर जाता येत नाही तो. आणि समजा एवढ्यातून पार पडलोच, तर आतलं दार माझ्या खुर्चीहून अरुंद. ९०० मिलिमीटर मोकळी जागा हवी, हे वाक्य आपल्या वाचनात आलं नसावं.

या सगळ्यातून मी पुष्कळ शिकलो. गुरुदक्षिणा म्हणून ते इथे नोंदवतो.

खुर्चीत बसण्या-उठण्याआधी दोन्ही ब्रेक लावायचे आणि पाय ठेवायच्या पाट्या वर दुमडायच्या. त्या पाटीवर उभं राहिलं की खुर्ची पुढे तोंडावर येते. नव्या माणसाचा पहिला अपघात बहुधा हाच. ब्रेक टायरवर दाबून बसतो, त्यामुळे टायरमधली हवा कमी झाली की ब्रेकही ढिला पडतो. आपल्या भागात बाभळीचे काटे उदंड, तेव्हा हवा रोज अंगठ्याने दाबून पाहावी. पंक्चर सायकलवालाही काढून देतो. पावसाळ्यात काळी माती पुढच्या चाकांत जाऊन घट्ट बसते. ती वेळीच काढली नाही तर चाक वळेनासं होतं. साडीचा पदर, ओढणी, उपरणं मांडीखाली खोचून घ्यावं, आऱ्यांत गेलं की सुटत नाही. मागून येणाऱ्या ट्रकला आपण दिसावं म्हणून पाठीला आणि चाकांना चमकती पट्टी लावावी.

मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उन्हात राहिलेली लोखंडी रिम तव्यासारखी पोळते. सायकलस्वारांचे हातमोजे तिथे कामी येतात. कण्याला मार बसलेल्या माणसाच्या मांडीला भाजलेलंही कळत नाही. म्हणून उन्हात तापलेल्या खुर्चीत तसंच बसू नये आणि चहाचा कप मांडीवर ठेवू नये. एकाच जागी बसून राहिलं की कातडीखाली जखम धरते आणि ती दिसेपर्यंत खोल गेलेली असते. त्यासाठी चांगली गादी हवी आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलायला हवं. सरकारी कार्यालयात रांगेत थांबावं लागतं तेव्हा हा व्यायाम भरपूर होतो.

आता आपले सहकारी, म्हणजे मदतीला धावणारे लोक. मराठवाड्याचा माणूस मदतीला कधी मागे नसतो. खुर्ची दिसली की हात लावतोच. नांदेडात "मामा, कुठं जायलाव?" हा प्रश्न खुर्ची दहा पावलं ढकलून झाल्यावर येतो. मला उलट दिशेला जायचं होतं हे तोवर सांगून उपयोग नसतो. कुणी दोघं-तिघं मिळून उचलायला येतात आणि नेमके हात टेकायच्या दांड्यांना धरतात. त्या काढता येण्यासाठीच बनवलेल्या असतात, त्यामुळे दांड्या त्यांच्या हातात राहतात आणि मी खाली. उचलायचंच तर पक्क्या चौकटीला धरावं. त्याहून बरं म्हणजे उचलूच नये. एका पायरीवर चढवायचं असेल तर मागच्या बाजूला खाली निघालेल्या आडव्या नळीवर पाय दाबावा, पुढची चाकं उचलून पायरीवर टेकवावीत, मग मोठी चाकं वर ढकलावीत. उतरवताना खुर्ची उलटी फिरवून, मोठी चाकं आधी खाली घ्यावीत. उतारावरूनही तसंच, पाठमोरं. आणि कलती करण्याआधी बसलेल्याला "करू का?" एवढं विचारावं. प्रश्न त्याला विचारावा, सोबतच्याला नव्हे. दुकानदार माझ्या बायकोला विचारतात, "यांना काय पाहिजे?" माझे पाय चालत नाहीत, तोंड उत्तम चालतं. त्याचा पुरावा आपण वाचतच आहात.

खुर्ची माझ्याकडे कशी आली, हेही कळवतो. शिबिरात मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये हाताने चालवायच्या चाकाच्या खुर्च्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. तीत खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. माणसाची मापं घेणं, त्याप्रमाणे खुर्ची निवडणं, बसवून जुळवणं, चालवायला शिकवणं, पुढे दुरुस्ती करणं वगैरे. आमच्या शिबिरात त्या दोनवर आणल्या होत्या : फोटो काढणं आणि घरी नेणं. खुर्ची माझ्याहून चार बोटं रुंद निघाली. रिमपर्यंत पोचायला हात बाहेर फेकावे लागतात आणि संध्याकाळी खांदे बोलतात. पायऱ्या कमी करण्याचा एवढा उत्साह आपल्याकडे आहे, तर तो इमारतींकडे का वळत नाही हे मला कळत नाही.

एस.टी.ही उदार आहे. मला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. गाडीच्या पायऱ्यांना मात्र सवलत नाही, त्या पूर्ण चढाव्या लागतात. लातूरला शिकवणीसाठी मुलं दूरदूरच्या जिल्ह्यांतून येतात, ‘लातूर पॅटर्न’चं नाव देशभर आहे. पण दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जायला जिना हीच जिथे प्रवेशपरीक्षा असते, तिथे खुर्चीतल्या मुलाचा पहिलाच पेपर कोरा जातो. लातूरच्याच गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. सोळाही मोकळे आहेत, फक्त हातगाडा, मोटारसायकल आणि उघडी गटार टाळून माझी खुर्ची जाईल असा त्यांतला एक मला दाखवावा. नांदेडात २००८च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने रस्ते रुंद झाले, फूटपाथ झाले. त्यावर दुकानांच्या पाट्या आणि गाड्या सुखाने नांदत आहेत. मी रस्त्याच्या मधून जातो, ट्रकच्या संगतीने.

एक दिवस मात्र आपण सगळे बदलता. मतदानाचा. नांदेडकरांनी २०२४ मध्ये लोकसभेसाठी दोनदा मत दिलं, २६ एप्रिलला आणि पोटनिवडणुकीत २० नोव्हेंबरला. केंद्रावर उतार, चाकाची खुर्ची, धरायला स्वयंसेवक, सगळी सोय निवडणूक आयोगाच्या यादीतच असते. दुसऱ्या दिवशी फळ्या निघतात. मतदार म्हणून मी त्या इमारतीत चढू शकतो. दाखला मागणारा नागरिक म्हणून नाही.

आपण म्हणाल, कायदा काय सांगतो? पुष्कळ सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ला. नियम आले त्याच वर्षी जूनमध्ये. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या, म्हणजे २०२२पर्यंत. कलम ४४ म्हणतं, नियमाप्रमाणे आराखडा नसेल तर बांधकामाला परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कायदा मोडला तर पहिल्या वेळी दंड दहा हजारांपर्यंत. आपल्यासारख्यांना तो उताराच्या टाइलपेक्षाही स्वस्त पडावा. मग ८ नोव्हेंबर २०२४ला राजीव रतुरी खटल्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने केंद्राला सुनावलं की नुसत्या शिफारशी लिहून भागणार नाही, सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचे करा. त्यासाठी तीन महिने दिले. मूळ याचिका २००५ची. आपल्या उतारापेक्षा न्यायाचा रस्ता खूपच लांब, एवढाच काय तो फरक.

इथवर थट्टा केली. एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली. ढिगाऱ्यातून जी निघाली त्यांतल्या काहींच्या कण्याला मार बसला आणि उरलेलं आयुष्य बसून काढावं लागलं. त्यानंतर याच मातीत गावंच्या गावं नव्याने बांधली गेली. कोपऱ्यात सळई किती, पट्टा कुठून न्यायचा, हे खेड्यातल्या गवंड्याला शिकवलं गेलं, आणि तो शिकला. पुस्तकातला आकडा चुकला की माणूस मरतो, हे देशात कुणाला शिकवायची गरज नसेल तर ती लातूरला. एकास बारा हा तसाच आकडा आहे. तो दयेपोटी दिलेला नाही, वजन आणि उतार यांच्या हिशेबातून आलेला आहे. भिंतीचा आकडा पाळणारा गवंडी रॅम्पपाशी येऊन तो विसरतो, कारण भिंत त्याच्याही डोक्यावर असते. रॅम्पवर तो स्वतः कधी चढणार नाही, अशी त्याची खात्री असते.

म्हणून आता ती किरकोळ विनंती. यापुढे कुठल्याही उताराचं बिल मंजूर होण्याआधी आपण, आपले इंजिनिअर आणि सही करणारे साहेब यांनी आळीपाळीने माझ्या खुर्चीत बसावं. मागे कुणी धरायचं नाही. स्वतःच्या हातांनी वर जावं, दारातून आत शिरावं, वळावं आणि खाली यावं. जो वर पोचेल त्याने सही करावी. खुर्ची मी पुरवीन. खर्च शून्य, निविदेची गरज नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
पायथ्याशी थांबलेला एक लाभार्थी

ता. क. : हे पत्र दुकानदार, डॉक्टर, वर्गचालक किंवा सोसायटीचे चेअरमन वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी. दारासमोरच्या पायऱ्यांची एकूण उंची टेपने मोजा आणि बाराने गुणा. तेवढी जागा असेल तर दोन्ही बाजूंना कठडा देऊन, खरबरीत फरशी घालून उतार बांधा. नसेल तर घसरगुंडी बांधू नका. सपाट असं दुसरं दार असेल तर ते उघडा आणि त्याची किल्ली खालीच ठेवा.