मुंबई–नागपूर : फक्त दीड तास

विमानाच्या तिकिटावर मुंबई ते नागपूर दीड तास असं छापलेलं असतं. ते खोटं नसतं. पत्रिकेत जुळलेल्या गुणांइतकं खरं असतं. संसार पुढे आपला आपण करायचा असतो.

अंतर तरी किती? सरळ रेषेत सातशे किलोमीटरच्याही आत. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर, पण तो भिवंडीजवळच्या आमण्याला सुरू होतो; तिथवर पोचणं ज्याच्या त्याच्या नशिबावर. रेल्वेने 837 किलोमीटर. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये संध्याकाळी बसायचं, डबा खायचा, झोपायचं आणि सकाळी नागपूर. प्रवास झाला असं कोणाला वाटतही नाही.

विमानाने जाणाऱ्याला मात्र भरपूर वाटतं. डोंबिवलीकर सकाळच्या विमानासाठी रात्रीच उठतो. घर ते विमानतळ या टप्प्याला तिकिटावर जागा नसते. पुढे पट्टा काढा, लॅपटॉप काढा, पट्टा घाला, मग वर-खाली होणाऱ्या गेट क्रमांकाच्या मागे धावा, आणि एवढं करून शेवटी बसमध्ये उभे राहा. विमानाने जायचं म्हणून दांड्याला लोंबकळायचं चुकत नाही.

तो दीड तास सुरू होतो विमान जागचं हललं की, आणि संपतो ते नागपुरात जागेवर उभं राहिलं की. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. साहजिकच विमानांची रांग. तो खोळंबाही कंपन्यांनी वेळापत्रकात आधीच धरलेला असतो. त्यामुळे उशिरा निघालेलं विमानही कधीकधी वेळेआधी उतरतं आणि त्याची घोषणा अशी होते, की जणू वैमानिकाने शॉर्टकट मारला. तोवर सीटबेल्टचा दिवा विझायच्या आत सगळे उठलेले असतात. सामानाच्या कप्प्याखाली मान वाकडी करून पंधरा मिनिटं उभं राहायचं. घाई कसली, तर खाली उतरून बॅगांच्या पट्ट्यापाशी थांबायची.

हिवाळ्यात वरचं वारं पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतं. मुंबईहून जाताना ते मागून ढकलतं, परतताना समोरून अडवतं. नागपूरकरांचा पाहुणचार इतक्या उंचीवरही सुटत नाही.

तो सुरू होतो फोनवर. विमानात फोन बंद करायला सांगतात त्याच क्षणी आत्याचा फोन येतो, “निघाला का जी? पोहे टाकू?” तिथे पोचेपर्यंत पोहे जाऊन जेवण आलेलं असतं, ते गार होऊन पुन्हा गरम झालेलं असतं, आणि सोनेगावच्या विमानतळापासून घरापर्यंतच्या वीस मिनिटांत आणखी तीन फोन झालेले असतात.

एकदा न राहवून मी म्हटलं, “आत्या, तुमचं नागपूर लांब आहे हो.”

आत्याने रस्सा वाढता वाढता मला शून्य मैलाच्या खांबाची आठवण करून दिली. इंग्रजांनी मोजणीसाठी उभारलेला तो खांब नागपुरात आहे, यावर तिची सगळी भूमिती उभी आहे.

“नागपूर कायचं लांब आहे, बाप्पा? आम्ही तर शून्यावरच आहो. लांब आहे ते तुमची मुंबई!”