राखेची थकबाकी

नागपूरच्या लकडगंजातल्या आरामशिनींखाली साचतो तोच भुसा अमेरिकेत किंवा इटलीत सहा मिलिमीटर जाडीच्या कांड्या होऊन पिशवीतून विकला जातो. त्यांना पेलेट म्हणतात. डिंकसुद्धा लागत नाही. दाब आणि उष्णता मिळाली की लाकडातलं लिग्निनच भुसा धरून ठेवतं. या कांड्यांची शेगडी भिंतीतल्या जुन्या फायरप्लेसमध्ये बसवतात. फिरता मळसूत्री दांडा कांड्या जळणाच्या वाटीत ढकलतो, पंखा हवा पुरवतो, मालकाने फक्त बटण दाबायचं. पण यंत्राने कष्ट संपत नाहीत, त्यांची तारीख तेवढी पुढे जाते.

पुरावा आपल्याच भुशाच्या शेगडीत आहे. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद काढून खालच्या भोकातून पेटवायचं. मग तासन्‌तास बघायला नको. ठासण्यात कुचराई केली, तर भुसा आत ढासळतो आणि धुराने सगळ्या घराला कळतं. पेलेटने हे ठासणं कारखान्यात नेलं, राख मात्र घरीच ठेवली. अर्धा टक्का राखेचा उत्तम माल घेतला, तरी अठरा किलोच्या पिशवीमागे नव्वद ग्रॅम राख उरतेच. ती जळणाच्या वाटीची भोकं बुजवते, ज्योत पिवळी आणि आळशी होते, काच काळवंडते. जळणात साल-माती असेल, तर राख वितळून खंगर होतो आणि तो खरवडूनच काढावा लागतो. शिवाय वर्षातून एकदा अख्खी शेगडी कोनाड्यातून ओढून धुराडं झाडायचं, ते वेगळंच.

कोणी म्हणेल, बिघाड झाला की सेन्सर सांगेलच. सांगतो ना! पण हवेचा दाब ओळखणाऱ्या स्विचची नळी राखेने तुंबली, की शेगडी ठणठणीत असूनही तो ती बंद पाडतो. कचऱ्याची तक्रार करायला नेमलेल्याच्याच नाकात कचरा!

दुसरा आक्षेप अस्सल नागपुरी: २३ मे २०१३ रोजी ज्या गावात पारा ४७.९ अंशांवर गेला, तिथे शेगडीची चर्चा कशाला? कबूल, शेगडी इथे नकोच. २९ डिसेंबर २०१८ चे ३.५ अंश स्वेटरवर भागले. पण कूलर आहे ना? त्यातही पंखा आहे, लाकडाच्या तुसाच्या ताट्या आहेत, आणि क्षारांनी बुजणारी पाइपची भोकं आहेत. ती सुईने मोकळी करणाऱ्या नागपूरकराला जळणाची वाटी साफ करायला कोणी शिकवायला नको. त्याला शिकवायचा असेल तर मुहूर्त. हंगाम संपताच सफाई केली तर काम तासाभराचं, पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी आठवली, तर कूलरवाला एप्रिलमध्ये जे सांगतो, तेच शेगडीवाला थंडीत सांगणार: “उद्या येतो.” आणि हा उद्या कुठल्याच कंपनीच्या वॉरंटीत बसत नाही.