घर आवडलं का?

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपानं किल्लारी हादरली आणि मागोमाग दातृत्वाला भरतं आलं. लातूर-उस्मानाबादची ५२ गावं नव्या जागी वसवली. रस्ते रुंद, घरं आखीव ओळीत, वेशीवर दात्याच्या नावाची पाटी. बैल कुठं बांधायचा, एवढं विचारायचं तेवढं राहिलं.

मग अभ्यासक आले. घर बांधून झाल्यावर त्यांनी विचारलं, घर आवडलं का? हो म्हणावं तर समाधानाच्या टक्केवारीत जमा. नाही म्हणावं तर ‘पारंपरिक मानसिकता’ या रकान्यात.

जिथं घरं नुसती दुरुस्त करायची होती, तिथं मात्र ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साथीनं गावातल्याच बाया संवाद सहायक झाल्या. दुरुस्तीचे पैसे कुठं अडले, भिंत पक्की कशी होते, हे त्या विचारू लागल्या. लोकसहभागाचा हा अर्थ साहेबांच्या परिपत्रकात बहुधा नसावा.

आता नांदेड काय नि लातूर काय, कंपनीच्या सीएसआरची गाडी शिवारात शिरते, तरणा पोरगा टॅब उघडतो. प्रश्न पहिला, गरज कोणती?

“बाबा, मागल्या बारीला एकानं समदं लिहून नेलं,” मावशी म्हणते, “त्याचं काय झालं ते आधी सांग की.”

टॅबवर त्याला रकाना नाही.