वऱ्हाडातलं वऱ्हाड

मावसभावाचं लग्न अकोल्याच्या मुलीशी ठरलं आणि आमचं वऱ्हाड अक्षरशः वऱ्हाडात निघालं. गाडी अर्थातच महाराष्ट्र एक्सप्रेस. दुपारी कोल्हापुरातून सुटायचं, सांगली, सातारा, पुणे, मनमाड, जळगाव, अकोला, नागपूर करत दुसऱ्या दिवशी गोंदियाला टेकायचं; तेराशेच्या वर किलोमीटर धावायचं, पण राज्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा तिचा बाणा. भाषा दर बारा कोसांवर बदलते म्हणतात. या गाडीत ती तासाभराने बदलते, आणि तिकीट तेच चालतं.

वऱ्हाडाचा ताबा कोल्हापूरच्या आत्यांकडे होता. डब्यात शिरताच त्यांनी जाहीर केलं, "मी खिडकीला बसतो. मी मघाच सांगून ठेवलोय." शेजारच्या बर्थवरच्या गृहस्थांनी आधी आत्यांकडे आणि मग त्यांच्यामागे कोणी पुरुष उभा आहे का, ते पाहिलं. कोल्हापुरात बायका 'मी येतो, मी गेलो' असंच म्हणतात. आत्या तर असं बोलल्या की समोरचा गडी आपोआप नमतो. गृहस्थांनी खिडकी सोडली.

पुण्याला रात्री काका चढले. काकांचं जीवितकार्य म्हणजे उच्चारशुद्धी. "पानी बॉटल, पानी बॉटल" असं ओरडत एक पोऱ्या आला, तशी काकांनी त्याला थांबवलं. "पानी नव्हे रे, पाणी. ण! जीभ वर टाळूला लाव." पोऱ्याने जीभ कुठे लावली कोण जाणे, पण "वीस रुपये" हे मात्र त्याने अगदी शुद्ध उच्चारलं.

मग काकांनी आम्हाला ग्रियर्सनची गोष्ट सांगितली. या साहेबाने इंग्रज अमदानीत हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली. मराठीचा खंड 1905 साली निघाला. बोलीबोलींतला फरक कळावा म्हणून जागोजागच्या लोकांकडून त्याने बायबलातली एकच गोष्ट आपापल्या बोलीत करून घेतली. बापाची इस्टेट उधळून घरी परतलेल्या पोराची. म्हणजे त्या खंडात तोच पोरगा कोकणात पैसे उडवतो, देशावर पैसे उडवतो, वऱ्हाडात पैसे उडवतो, आणि दर वेळी नव्या बोलीत बापाचे पाय धरतो. "एवढा खटाटोप कशाला केला म्हणते मी," पलीकडच्या बर्थवरून काकू म्हणाल्या, "आपल्या एका लग्नाला आला असता तर काम झालं असतं."

काका उत्तर देणार एवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. देवगडहून धाकटे भाऊ. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, तोंडावर हात धरला आणि हळूच म्हणाले, "होय रे, गाडयेत आसंय. जेवलंय, जेवलंय. माका काय धाड भरली हा? तू खंय आसस?" डबा चिडीचूप. काकांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि पुण्याच्या मराठीत 'शुभ रात्री' म्हणून चादर डोक्यावर ओढली. त्यानंतर अकोल्यापर्यंत कोणाचाही ण दुरुस्त झाला नाही.

सकाळी जळगावला मामी चढल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात केळ्यांची फणी. "घ्या, केयी घ्या. आपल्या जयगावची केयी!" आत्यांची नात पहिलीत आहे आणि अक्षरांच्या बाबतीत फार दक्ष आहे. ती म्हणाली, "आजी, ह्यांचा ळ कुठं गेला?" मामींनी तिच्या हातात एक केळं दिलं आणि विषय मिटवला. खानदेशात ळचा य होतो, यात नवं काही नाही. बहिणाबाईंच्या कवितेतही डोळ्याचा डोयाच आहे. पण आत्या हळहळल्या. "म्हंजे हितं 'नाद खुळा' म्हणायचं झालं तर 'नाद खुया' म्हणायचं? त्यात काय दम ऱ्हायला?"

मधे शेगावला कचोरीने सगळ्यांची तोंडं बंद ठेवली. मग अकोला आलं, आणि जळगावला हरवलेला ळ आम्हाला तिथे सापडला, पण भलत्याच ठिकाणी. मुलीच्या काकांचा फोन आला, "कायजी करू नका जी. गाळी येऊन राह्यली." काळजीतला ळ गेलेला आणि गाडीत येऊन बसलेला. पण खरा घोळ त्या 'येऊन राह्यली'ने केला. वऱ्हाडात त्याचा अर्थ, येते आहे. आत्यांनी अर्थ लावला, येऊन थांबली आहे.

"चला रे, गाडी येऊन ऱ्हायलीया!" आत्यांनी हुकूम सोडला. अकरा माणसं, सतरा डाग, आहेराची पातेली आणि कागलचे पेढे असा सगळा लवाजमा भर उन्हात स्टेशनाबाहेर पडला. आत्यांनी तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक जीपच्या काचेवर टकटक केलं. एका जीपमध्ये तर अर्धं सामान चढवूनही झालं; ती निघाली वाशिमला. अर्ध्या तासाने खरी गाडी आली, तेव्हा आत्या व्याह्यांवर कडाडल्या, "यायला लागलीया म्हणायचं की सरळ!" व्याही हात जोडून म्हणाले, "तेच तर सांगून राह्यलो होतो जी!"

लग्न झकास झालं. संध्याकाळी मांडवात आत्या कोल्हापूरला फोनवर सांगत होत्या, "माणसं लाखातली हाईत, पण बोलणं लई वाकडं. आपल्यावानी सरळ एक बोलंल तर शपथ." आणि चार खुर्च्या पलीकडे नवरीची आई शेजारणीच्या कानात सांगत होती, "पाव्हने लय चांगले हायेत वं. पन त्या आत्याबाईले कोनतरी नीट मराठी शिकवाले पायजे."